बॅकअपचं नवं व्हर्च्युअल अप्लायन्स: जुनी डिस्क उचलून लावली की झालं?

प्रश्न थोडक्यात असा: बॅकअपचं सॉफ्टवेअर एका जुन्या व्हर्च्युअल अप्लायन्सवर (कंपनीने तयार करून दिलेल्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे व्हीएमवर) चालतं, आत सेंटओएस ७ ही लिनक्स आहे. कंपनीने आता नवं अप्लायन्स ओव्हीए फाइलच्या (आयात करायला तयार असलेल्या व्हीएमच्या) रूपात दिलंय, पण जुन्याचं जागच्या जागी अपग्रेड होत नाही. व्हीएमवेअरवरच्या साधारण ६० व्हीएम, १४ टीबी बॅकअप डेटा एका मोठ्या व्हर्च्युअल डिस्कवर, आणि दुसरी प्रत एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल्स वापरायच्या पद्धतीने) नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीवर, जाते. कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट करून नव्यावर इम्पोर्ट करायचं, डेटाची डिस्क जुन्यावरून काढून नव्याला लावायची, एवढं पुरेल का? आणि एकाही रात्रीचा बॅकअप चुकायला नको.

हलवणं भाग आहे यात वाद नाही. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ लाच संपला. सगळ्या सर्व्हरचे पासवर्ड ज्या मशीनमध्ये साठवलेले आहेत, तेच मशीन सुरक्षा पॅचेसशिवाय चालवणं परवडणारं नाही. रॅन्समवेअर चालवणारे आधी बॅकअप सर्व्हरच शोधतात.

तुमची योजना ढोबळ मानाने चालेल. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलीय, की आपण सॉफ्टवेअर हलवतोय. सॉफ्टवेअर पंधरा मिनिटांत उभं राहतं. खरं हलवायचं असतं ते जुन्या रिस्टोअर पॉइंट्सचं (ज्या क्षणांपर्यंत परत जाता येतं त्या बॅकअप प्रतींचं) पालकत्व: कोणता पॉइंट कुठे आहे, कधी पुसायचा, कोणत्या किल्लीने उघडतो, हे जाणणारा एकच सर्व्हर कोणत्याही क्षणी असला पाहिजे. खाली जे लिहिलंय ते बहुतेक याच्याच भोवती फिरतं.

सगळ्यात आधी बघा, जुना डेटा हलवायची गरज तरी आहे का. तुमची रिटेन्शनची (बॅकअप ठेवायची) मुदत ३० दिवस असेल आणि महिन्या-वर्षाचे लांब पल्ल्याचे पॉइंट नसतील, तर काहीच हलवू नका. नवं अप्लायन्स कोरं उभं करा, जॉब नव्याने बनवा, पहिला फुल बॅकअप होऊ द्या, जुन्यावरचे जॉब बंद करा आणि जुनं मशीन फक्त रिस्टोअरसाठी मुदत संपेपर्यंत ठेवा. किंमत एवढीच, की काही आठवडे जागा जास्त लागते आणि पहिला फुल बॅकअप जड जातो. तोही किती जड याचा हिशोब आधी करता येतो. एक गिगाबिटच्या लिंकवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. सोर्सकडे १० टीबी वापरलेला डेटा असेल तर साधारण २५ तास. म्हणजे एका रात्रीत बसत नाही, पण शनिवार-रविवारात बसतो, किंवा व्हीएमचे तीन-चार गट पाडून वेगवेगळ्या रात्री घेता येतात.

कोऱ्या सुरुवातीचा आणखी एक फायदा आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. सेंटओएस ७ वर बनवलेल्या एक्सएफएस (लिनक्सची एक फाइल-सिस्टिम) व्हॉल्यूमला रिफ्लिंकची, म्हणजे दोन फाइलींनी तेच ब्लॉक वाटून घ्यायची, सोय नाही, त्या काळच्या ३.१० कर्नलमध्ये ती नव्हतीच. रिफ्लिंक असेल तर सिंथेटिक फुल (आधीच्याच बॅकअपमधून जुळवलेला नवा फुल) बनवताना जुने ब्लॉक नव्याने लिहावे लागत नाहीत, नव्या फाइलमधून त्यांच्याकडे फक्त बोट दाखवलं जातं. तासाचं काम मिनिटांवर येतं आणि जागाही वाचते. पण ही सोय हवी असेल तर व्हॉल्यूम नव्याने फॉरमॅट करावा लागतो. जुनी डिस्क तशीच उचलून नव्या अप्लायन्सला लावली, की नवं इंजिन जुन्याच फाइल-सिस्टिमवर धावणार.

म्हणून मी बहुतेक वेळा मधला रस्ता सुचवतो: कॉन्फिगरेशन इम्पोर्ट करा, जुनी डिस्क नव्या अप्लायन्सला दुसरी रिपॉझिटरी (बॅकअप ठेवायची जागा) म्हणून लावा, पण नवे बॅकअप नव्या, ताज्या फॉरमॅट केलेल्या डिस्कवर लिहा. जुन्या डिस्कवरचे पॉइंट मुदतीप्रमाणे आपोआप झिजत जातील. सगळे संपले की डिस्क परत करा. वर्षानुवर्षं ठेवायचे पॉइंट असतील तर ते शेवटी सॉफ्टवेअरच्याच कॉपी जॉबने नव्या डिस्कवर आणा. सीपी किंवा आरसिंक या साध्या कॉपीच्या कमांडने नको. विशेषतः पुढच्या वेळी, जेव्हा तुमच्याकडे रिफ्लिंकचा व्हॉल्यूम असेल, तेव्हा हे लक्षात ठेवा: आरसिंकला वाटून घेतलेले ब्लॉक कळत नाहीत, प्रत्येक फाइल तो पूर्ण आकारात लिहितो आणि १४ टीबीचे ४० टीबी होऊ शकतात.

आता पालकत्वाची गोष्ट. कॉन्फिगरेशन इम्पोर्ट केलं की नवं अप्लायन्स स्वतःला जुनंच समजू लागतं. तेच जॉब, तीच वेळापत्रकं, त्याच रिपॉझिटरी. काही सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्टनंतर जॉब बंद अवस्थेत येतात, काहींत चालू. चालू आले तर नवा सर्व्हर उठतो, त्याला दिसतं की कालचा बॅकअप राहिलाय, आणि तो लगेच कामाला लागतो. इकडे जुनाही चालूच. दोघेही एकाच नॅसवरच्या एकाच फोल्डरमध्ये लिहितात, दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे जुने पॉइंट पुसतात. एकाने पुसलेला ब्लॉक दुसऱ्याच्या हिशोबात अजून जिवंत असतो. डीडुप्लिकेशन (सारखे ब्लॉक एकदाच साठवणं) चालू असेल तर हे नुकसान कित्येक दिवस दिसतही नाही, आणि दिसतं ते थेट रिस्टोअरच्या वेळी.

यावर उपाय साधा आहे. नवं अप्लायन्स पहिल्यांदा अशा पोर्टग्रुपवर (व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल नेटवर्कवर) उठवा जिथून व्हीसेंटर (व्हीएमवेअरचा व्यवस्थापन सर्व्हर) आणि नॅस दोन्ही पोहोचत नाहीत. तिथेच इम्पोर्ट करा, सगळे जॉब हाताने बंद करा, मग त्याला खऱ्या नेटवर्कवर आणा. ऑब्जेक्ट स्टोअरेज (क्लाउडसारखी साठवण) असेल तर बकेटलाही (तिथल्या कप्प्यालाही) हाच नियम: एका वेळी एकच सर्व्हर लिहिणार. तिथे ऑब्जेक्ट लॉक लावलेला असेल तर निदान पुसलं जाण्याची भीती नाही, कारण कधीपर्यंत हात लावायचा नाही ती तारीख ऑब्जेक्टसोबतच नोंदलेली असते. पण कचरा मात्र साठू शकतो, आणि तोही मुदत संपेपर्यंत हलवता येत नाही.

‘काही दिवस दोन्ही समांतर चालवू, म्हणजे धोका नको’ असं बैठकीत कोणीतरी म्हणतंच. ऐकायला सुरक्षित वाटतं. वेगवेगळ्या रिपॉझिटरीत लिहिणार असतील तर नुसत्या फाइल सर्व्हरसाठी चालतंही. पण एसक्यूएल सर्व्हर असलेल्या व्हीएमवर समांतर चालवू नका. ट्रान्झॅक्शन लॉगचा बॅकअप घेतला की तेवढा लॉग रिकामा होतो. दोन सॉफ्टवेअर आळीपाळीने लॉग घेऊ लागली तर नऊचा लॉग एकाकडे, सव्वानऊचा दुसऱ्याकडे, साडेनऊचा पुन्हा पहिल्याकडे. कोणाकडेच सलग साखळी राहत नाही. ठरावीक मिनिटापर्यंत डेटाबेस परत आणायची वेळ आली की दोन्हीकडचे तुकडे हाताने जुळवत बसावं लागतं. समांतर चालवायचंच असेल तर एकाच बाजूला लॉग हाताळू द्या, दुसरीकडे कॉपी-ओन्ली निवडा.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण तेच वाचवतं: जुन्या मशीनमध्ये एक्स्पोर्टच्या बाहेर काय काय आहे याची यादी. अप्लायन्स म्हणजे बंद डबा, असं आपण म्हणतो खरं, पण चार-पाच वर्षं चाललेल्या कोणत्याही अप्लायन्समध्ये कोणीतरी एसएसएचने शिरून काहीतरी केलेलं असतंच. होस्ट्स फाइलमध्ये डीएनएस चालत नव्हतं तेव्हा घातलेली दोन नावं, बॅकअप नेटवर्कसाठी घातलेला स्टॅटिक राउट, क्रॉनमध्ये कोणाचीतरी छोटी स्क्रिप्ट, आपल्या संस्थेच्या सर्टिफिकेट अथॉरिटीचं प्रमाणपत्र, सिस्लॉग कुठे पाठवायचा ती ओळ, मॉनिटरिंगची एसएनएमपी सेटिंग, एफएसटॅबमधले माउंटचे पर्याय. हे सगळं कॉपी करून एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. माउंटचे पर्याय तर अक्षरशः जसेच्या तसे.

त्याच यादीत सर्वांत वर एन्क्रिप्शनचा पासवर्ड. बॅकअप एन्क्रिप्टेड असतील तर पासवर्ड कोणाकडे आहे हे आज शोधा, बदलाच्या रात्री नाही. जुनं मशीन चालू आहे तोवर पासवर्ड कोणी विचारत नाही, कारण किल्ली त्याच्या आत साठवलेली असते. नवं मशीन विचारतं. कॉन्फिगरेशनच्या एक्स्पोर्टचंही तसंच. अनेक सॉफ्टवेअर एक्स्पोर्ट एन्क्रिप्ट केल्याशिवाय साठवलेले पासवर्ड त्यात घालतच नाहीत. मग इम्पोर्ट ‘यशस्वी’ होतो आणि पहिल्याच जॉबला व्हीसेंटर लॉगइन नाकारतं. एक्स्पोर्ट करताना एन्क्रिप्शनची खूण केलीय ना, ते बघा.

कंपनीने दिलेलं एक्स्पोर्ट-इम्पोर्ट वापरा, हे वेगळं सांगायला नको. पण कधीकधी दोन आवृत्त्यांमधलं अंतर जास्त असतं, इम्पोर्ट अडतं, आणि कोणीतरी सुचवतं की पोस्टग्रेसची (अप्लायन्सच्या आतल्या डेटाबेसची) डेटा डिरेक्टरीच उचलून नव्यावर ठेवू. हे करू नका. मेजर आवृत्ती वेगळी असेल तर पोस्टग्रेस ती डिरेक्टरी उघडणारच नाही, आणि तो खरं म्हणजे बरा प्रसंग. वाईट प्रसंग तेव्हा, जेव्हा आवृत्ती जुळते आणि डेटाबेस सुरू होतो. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (लिनक्सची पायाभूत सी लायब्ररी) २.१७ आहे. २०१८ मधल्या २.२८ पासून अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले, आणि नव्या अप्लायन्समध्ये त्यानंतरचीच आवृत्ती असणार. मजकुरावरचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले, शोधणारा नव्या क्रमाने शोधतो. म्हणजे टेबलात नोंद आहे, पण इंडेक्समधून ती सापडत नाही. ‘हा व्हीएम कॅटलॉगमध्ये नाही’ असं सॉफ्टवेअर म्हणतं आणि त्याच नावाची दुसरी नोंद तयार करतं. एरर कुठेच येत नाही. डेटाबेस हलवायचाच झाला तर डंप काढून नव्याने भरा, त्यात इंडेक्स नव्याने बांधले जातात. आणि ते कंपनीच्या सपोर्टला सोबत घेऊनच करा.

ओव्हीए उभी करणं यात सांगण्यासारखं फार नाही. चेकसम जुळवा, नेटवर्क कार्ड व्हीएमएक्सनेट ३ ठेवा, आयपी नवा घ्या. लायसन्स हार्डवेअर आयडीला किंवा मॅक पत्त्याला बांधलेलं असेल तर आधीच नवी किल्ली मागून ठेवा. जुनाच आयपी ठेवायचा मोह होतो, पण मी ठेवत नाही. दोन्ही मशीन एकाच वेळी पाहता आली पाहिजेत. एजंट (मशीनवर बसवलेले बॅकअपचे छोटे प्रोग्राम) ज्या नावाने सर्व्हरला शोधतात ते नाव डीएनएसमध्ये सीनेम (टोपणनाव) करून ठेवा, दोन-तीन दिवस आधी टीटीएल (नावाचं उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो काळ) ३०० सेकंदांवर आणा, आणि बदलाच्या वेळी फक्त ते नाव फिरवा. काही एजंट मात्र नाव नाही, सर्व्हरचं प्रमाणपत्र लक्षात ठेवतात. तसे असतील तर प्रमाणपत्रही एक्स्पोर्टमध्ये येतं का ते विचारून घ्या, नाहीतर प्रत्येक मशीनवर एजंटची नोंदणी पुन्हा करावी लागेल.

एक गोष्ट या निमित्ताने करून टाका: जुनं अप्लायन्स डोमेनला जोडलेलं असेल तर नवं जोडू नका. ज्या दिवशी डोमेन कंट्रोलरच रिस्टोअर करायचा असेल त्या दिवशी बॅकअप सर्व्हरचं लॉगइन त्याच डोमेन कंट्रोलरवर अवलंबून नसलेलं बरं.

आता प्रत्यक्ष डिस्क. इथे क्रम महत्त्वाचा. आधी जुन्यावरचे सगळे जॉब बंद करा, चालू असलेले पूर्ण होऊ द्या, सफाईचा आणि डीडुपचा जो काही मागचा जॉब असेल तोही संपू द्या. त्यानंतर कॉन्फिगरेशनचा शेवटचा एक्स्पोर्ट घ्या. दुपारी घेतलेला एक्स्पोर्ट रात्रीच्या जॉबनंतर वापरलात, तर कॅटलॉग एक सांगतो आणि डिस्कवर दुसरंच असतं. मग जुनं मशीन नीट शटडाउन करा.

डिस्क काढायच्या आधी जुन्या व्हीएमवर एखादा स्नॅपशॉट पडून आहे का ते बघा. असेल तर व्हीएमच्या सेटिंगमध्ये डिस्कच्या फाइलचं नाव शेवटी ०००००१ वगैरे आकडे लागलेलं दिसेल. म्हणजे स्नॅपशॉटनंतरचं सगळं लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये आहे. अशा वेळी मूळ व्हीएमडीके (डिस्कची फाइल) नव्या मशीनला लावली तर तुम्हाला स्नॅपशॉटच्या दिवसाचा डेटा दिसेल, आणि तिच्यावर एकदा काही लिहिलं की डेल्टा कायमची निकामी. स्नॅपशॉट काढून डिस्क एकसंध होऊ द्या. मोठ्या डिस्कला याला काही तास लागू शकतात, म्हणून हे आदल्या दिवशीच उरका.

दुसरी तपासणी जुन्या मशीनच्या आतली, शटडाउनच्या आधी करायची. एलएसबीएलके आणि पीव्हीएस या दोन कमांड चालवून बघा की डेटाचा व्हॉल्यूम खरंच फक्त त्या एका डिस्कवर आहे. जागा कमी पडली तेव्हा कोणीतरी नवी डिस्क सिस्टिमच्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घालून लॉजिकल व्हॉल्यूम वाढवलेला असतो. मग डेटाचे काही एक्स्टेंट (तुकडे) सिस्टिम डिस्कवर सांडलेले असतात. ती एक डिस्क उचलून नेली तर अर्धवट व्हॉल्यूम हाती येतो. असं निघालं तर आधी पीव्हीमूव्हने डेटा एका डिस्कवर गोळा करून वेगळा व्हॉल्यूम ग्रुप करावा लागेल. वेळ नसेल तर डिस्क हलवायचा विचार सोडून कॉपी जॉब निवडा. व्हॉल्यूम ग्रुपचं नाव दोन्ही अप्लायन्समध्ये सारखंच निघालं तर त्याला नव्या मशीनवर त्याच्या यूयूआयडीने नवं नाव देता येतं. घाबरायचं कारण नाही.

जुन्या व्हीएममधून डिस्क काढताना ‘डेटास्टोअरमधून फाइल पुसा’ ही खूण रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. नव्याला लावल्यावर एफएसटॅबमध्ये यूयूआयडी लिहा, एसडीबी-एसडीसी असली नावं नकोत, कंट्रोलरवरचा क्रम बदलला की ती बदलतात.

यानंतरचा मुद्दा बारीक वाटतो, पण मला सगळ्यात जास्त वेळा भेटलेला बिघाड हाच आहे. नवं अप्लायन्स रीबूट होतं, काही कारणाने डेटाची डिस्क माउंट होत नाही, पण बॅकअपची सर्व्हिस सुरू होते. तिला रिपॉझिटरीचा फोल्डर दिसतो, कारण माउंट पॉइंटचा रिकामा फोल्डर तिथे असतोच. मग दोनपैकी एक होतं. एक तर सॉफ्टवेअर समजतं की सगळे पॉइंट गायब झालेत आणि कॅटलॉगमधून ते काढून टाकतं. किंवा रात्रीचा जॉब त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूट डिस्कवर, लिहीत सुटतो आणि पहाटेपर्यंत रूट भरून डेटाबेसच बंद पडतो. दोन गोष्टींनी हे टळतं. डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडने इम्यूटेबल करून ठेवा, म्हणजे त्यात रूटलाही लिहिता येत नाही. वर डिस्क माउंट झाली की काही अडत नाही. आणि सिस्टिमडीमध्ये बॅकअपच्या सर्व्हिसला ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ ही ओळ जोडा, म्हणजे माउंट नसेल तर सर्व्हिस उठणारच नाही. अप्लायन्समध्ये असे बदल करायला सपोर्टची हरकत आहे का ते विचारा. हरकत असेल तर निदान मॉनिटरिंगमध्ये त्या माउंटची तपासणी टाका.

नॅसवरच्या प्रतीला वेगळाच अडथळा येईल. एनएफएसवर मालकी सहसा नावाने नाही, आकड्याने ठरते. जुन्या अप्लायन्सवर बॅकअपच्या यूजरचा यूआयडी (ओळख क्रमांक) १००१ असेल आणि नव्यावर ९९८, तर फाइल्स दिसतील पण उघडणार नाहीत. किंवा वाचता येतील पण मुदत संपल्यावर पुसता येणार नाहीत, आणि मग नॅस गुपचूप भरत जाईल. रूट स्क्वॉश (बाहेरून आलेल्या रूटला नॅसने साधा यूजर समजणं) चालू असेल तर नव्या अप्लायन्सवरून मालकी बदलताही येत नाही, नॅसच्या बाजूनेच बदलावी लागते. एक्स्पोर्टच्या परवानगी यादीत नवा आयपी घालणं तर आहेच.

नव्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कडकपणा हाही आधी तपासायचा विषय. टीएलएस १.० आणि १.१ डीफॉल्टने बंद, सांबामध्ये ४.११ पासून एसएमबी १ डीफॉल्टने बंद, ओपनएसएसएच ८.८ पासून एसएचए-१ ची आरएसए सही नामंजूर. तुमच्याकडे एखादा सेंटओएस ६ चा सर्व्हर कोपऱ्यात चालू असेल तर त्यातल्या एसएसएचला नव्या पद्धतीची आरएसए सही येतच नाही. जुनं अप्लायन्स त्याच्याशी वर्षानुवर्षं बोलत होतं, नवं बोलणार नाही. असे सर्व्हर एजंटशिवाय, नुसत्या व्हीएम स्नॅपशॉटने घ्या. त्यांच्यासाठी अख्ख्या अप्लायन्सची सुरक्षा सैल करू नका.

फायरवॉलमध्ये नव्या आयपीसाठी व्हीसेंटर आणि ईएसएक्सआयकडे (व्हीएम चालवणाऱ्या होस्टकडे) ४४३, ईएसएक्सआयकडे ९०२, विंडोज गेस्टमध्ये शिरायचं असेल तर १३५, ४४५ आणि ४९१५२ पासून ६५५३५ पर्यंतचे डायनॅमिक पोर्ट लागतात. ९०२ राहून गेला की गंमत होते: हॉटॲडने (व्हीएमची डिस्क तात्पुरती थेट अप्लायन्सला जोडून) चालणारे जॉब व्यवस्थित चालतात, ज्या व्हीएमला हॉटॲड मिळत नाही तेवढेच अडकतात, आणि सगळे त्या व्हीएममध्ये दोष शोधत बसतात. हॉटॲडसाठी नवं अप्लायन्स अशा होस्टवर हवं जिथून त्या सगळ्या व्हीएमचे डेटास्टोअर दिसतात. पहिल्या रात्री वेग निम्म्यावर आला तर जॉबच्या लॉगमध्ये ट्रान्सपोर्ट मोड बघा. हॉटॲडऐवजी एनबीडी (डिस्क नेटवर्कवरून वाचणं) लिहिलेलं असेल तर कारण सापडलं.

घड्याळ इम्पोर्टच्या आधी जुळवा. आधी ईएसएक्सआय होस्टचं, मग अप्लायन्सचं, कारण अप्लायन्स उठताना होस्टची वेळ घेऊ शकतं. घड्याळ पुढे गेलेलं असेल तर रिटेन्शनच्या हिशोबात सगळे पॉइंट जुने ठरतात आणि पहिल्याच सफाईत पुसले जातात. टाइमझोनही बघा: अनेक अप्लायन्स यूटीसीवर येतात आणि रात्री दहाचा जॉब भलत्याच वेळी सुरू होतो.

आता जॉब चालू करायच्या आधी रिस्टोअर. रिपॉझिटरी स्कॅन होऊन हिरवी खूण आली म्हणजे फक्त फाइलींची नावं वाचता आली. चार गोष्टी करून बघा: सगळ्यात जुन्या पॉइंटमधून एक फाइल, एका एन्क्रिप्टेड पॉइंटमधून एक फाइल, नॅसवरच्या प्रतीतून एक फाइल, आणि एक अख्खी व्हीएम नेटवर्क कार्ड तोडून वेगळ्या नावाने. सगळ्यात जुना पॉइंट यासाठी, की त्याच्याच साखळीत सर्वाधिक आवृत्त्या आणि अपग्रेड होऊन गेलेले असतात. हे चारही जमल्याशिवाय परतीचा रस्ता मोडू नका. तोपर्यंत परत फिरणं सोपं आहे: डिस्क जुन्याला लावा, जुनं चालू करा. नव्याने त्या डिस्कवर पहिला बॅकअप लिहिला किंवा पहिला पॉइंट पुसला, की हा रस्ता बंद. मी वर नवे बॅकअप नव्या डिस्कवर लिहा म्हटलं त्यामागे हेही कारण आहे. जुन्या डिस्कवरची सफाई पहिले काही दिवस थांबवून ठेवलीत तर परतीचा रस्ता तेवढे दिवस उघडा राहतो.

रात्र चुकण्याबद्दल. सकाळी जॉब थांबवले, दिवसा डिस्क हलवली आणि रिस्टोअर तपासले, तर रात्रीचे जॉब नव्यावर चालू शकतात. नव्या डिस्कवर जाणार असल्याने पहिला बॅकअप फुल होईल, म्हणून पहिल्या रात्री महत्त्वाच्या व्हीएमचाच गट घ्या. बाकीच्यांचा कालचा पॉइंट जुन्या डिस्कवर आहेच आणि तो नव्या सर्व्हरवरून रिस्टोअर होतो हे तुम्ही तपासलंय. म्हणजे काहींचा एक-दोन रात्रींचा बॅकअप उशिरा होईल. हे चालेल का, हे ज्यांचा डेटा आहे त्यांना आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दुसऱ्या रात्रीपासून बदललेला डेटाच जातोय ना ते आकारावरून दिसेल. रोज फुलएवढाच आकार जात असेल तर चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग (बदललेल्या ब्लॉकची नोंद ठेवणं) चालत नाहीये. आणि हो, याच दिवसांत व्हीसेंटरही नव्याने उभारायचा घाट कोणी घातला असेल तर थांबवा. सॉफ्टवेअर व्हीएमला नावाने नाही, व्हीसेंटरने दिलेल्या अंतर्गत ओळख क्रमांकाने ओळखतं. व्हीसेंटर नव्याने उभारलं की क्रमांक बदलतात आणि सगळ्या ६० व्हीएम अनोळखी होतात.

राहिलं जुनं अप्लायन्स. बंद करून, नेटवर्क कार्ड काढून, नावापुढे ‘चालू करू नये’ लिहून महिनाभर ठेवा. काढून टाकायच्या दिवशी मात्र घाई करू नका. हॉटॲडमध्ये बॅकअपच्या वेळी दुसऱ्या व्हीएमची डिस्क तात्पुरती अप्लायन्सला जोडली जाते आणि काम झालं की सुटते. एखादा जॉब मध्येच मोडला असेल तर ती जोडलेलीच राहते, महिनोन्‌महिने. अशा अवस्थेत जुन्या अप्लायन्सवर ‘डिलीट फ्रॉम डिस्क’ दाबलं तर अप्लायन्सच्या डिस्कसोबत दुसऱ्याच, चालू सर्व्हरची डिस्कही पुसायला निघते. तो सर्व्हर चालू असेल तर फाइल लॉकमुळे कदाचित वाचेल; बंद असेल तर नाही. म्हणून आधी जुन्या अप्लायन्सची सेटिंग उघडा आणि प्रत्येक डिस्कच्या फाइलचा मार्ग वाचा. मार्गात अप्लायन्सच्या स्वतःच्या फोल्डरऐवजी दुसऱ्या व्हीएमचा फोल्डर दिसला, तर ती डिस्क फाइल न पुसता काढा आणि त्या दुसऱ्या व्हीएमवर ‘कन्सॉलिडेशन हवं’ असा इशारा आलाय का तेही बघा, कारण अशा डिस्कच्या मागे सहसा न सुटलेला स्नॅपशॉट असतो.

हे झालं की जुनं मशीन पुसा, व्हीसेंटरमधलं त्याचं सर्व्हिस अकाउंट बंद करा, फायरवॉलमधले जुन्या आयपीचे नियम आणि नॅसच्या परवानगी यादीतला जुना आयपी काढा.